ऑश कुटुंबाचं परतीचं भाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी पुण्यात एम.एस्सी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने बेकरीच्या यीस्टमधून ओएसएच४ हे जनुक काढलं, पण प्लेटवर काहीच फरक पडला नाही. मग ओएसएच६ही काढलं, तरी वाढ मूळ स्ट्रेनसारखीच. पुस्तक म्हणतं की ही 'ऑक्सिस्टेरॉल बांधणारी' प्रथिनं पेशीत स्टेरॉल इकडून तिकडे नेतात. तिला तीन शंका आहेत: यीस्टमध्ये ऑक्सिस्टेरॉल आलं कुठून, वाहणारंच काढून टाकलं तर पेशी जगते कशी, आणि आपलं जनुक खरंच निघालं आहे ना? जाता जाता तिने हेही विचारलंय की बाबा कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, तिचा याच्याशी काही संबंध आहे का.

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करतेय. यीस्टच्या प्लेटा मोजण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली आणि त्यातली बरीच याच कुटुंबापायी. तुझा तिसरा प्रश्न आधी उरकते. जनुकाच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावून पीसीआर कर. जी४१८ या प्रतिजैविकावर वसाहती आल्या म्हणजे कॅसेट (जनुकाच्या जागी घातलेला डीएनएचा तुकडा) बसली, एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस, कारण कॅसेट भलत्याच जागी बसूनही वसाहती येतात. बाहेरच्या प्रायमरनी योग्य लांबीचा पट्टा आला आणि जुन्या जनुकाचा पट्टा दिसेनासा झाला, की जनुक गेलं. तुझं गेलेलंच असणार. काही न दिसणं हेच या कुटुंबाचं वैशिष्ट्य आहे.

आता नावाकडे वळू. आपल्याकडे कुलकर्णी आडनावाचा माणूस भेटला तर त्याच्या पणजोबांनी गावाचं दप्तर सांभाळलं असेल, असं म्हणता येतं. तो स्वतः हिंजवडीत कोडिंग करत असतो. 'ऑक्सिस्टेरॉल-बाइंडिंग प्रोटीन' (ओएसबीपी) हे नाव अगदी तसंच आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत कँडुच आणि चेन या दोघांना असं दिसलं की वाढत्या पेशींना शुद्ध कोलेस्टेरॉल दिलं तर त्यांची स्वतःची स्टेरॉलनिर्मिती फारशी मंदावत नाही, पण हवेने ऑक्सिडीकरण झालेली रूपं, म्हणजे ऑक्सिस्टेरॉल, दिली की ती झपाट्याने थांबते. यातलं जोरदार रूप म्हणजे २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल. (शेल्फवर वर्षानुवर्षं पडलेली कोलेस्टेरॉलची बाटली वापरू नये, याचं हेही एक कारण.) मग शोध सुरू झाला तो या रेणूला पेशीत पकडणाऱ्या प्रथिनाचा. ते सापडलं, आणि १९८९ मध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेतून त्याचा क्लोनही आला. या दोघांना कोलेस्टेरॉलच्या नियमनासाठी १९८५ चं नोबेल मिळालेलं होतं. सगळ्यांना वाटलं, हाच तो स्विच. तो निघाला नाही. स्टेरॉलनिर्मिती बंद करायचा निरोप २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल 'इन्सिग' नावाच्या वेगळ्याच प्रथिनामार्फत देतं, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. पण तोवर आडनाव चिकटलं होतं. त्या पहिल्या प्रथिनाशी साम्य असलेलं जे जे सापडलं, त्या सगळ्यांना तेच लागलं. माणसात अशी १२ जनुकं आहेत. यीस्टमध्ये ७ आहेत आणि त्यांना ओएसएच१ ते ओएसएच७ म्हणतात, त्यांच्या प्रथिनांना ऑश१ ते ऑश७. यीस्टमध्ये तर कोलेस्टेरॉलच नसतं, असतं ते अर्गोस्टेरॉल. तेव्हा तुझी पहिली शंका रास्त आहे, पण ती आडनावाला विचारलेली आहे, माणसाला नाही.

आता दुसरी शंका, खरी गंमत तिच्यात आहे. २००१ मध्ये बेह, राइन आणि सहकाऱ्यांनी या सात जनुकांच्या बाबतीत जे केलं, ते ऐकून आमच्या लॅबमधला एक जण म्हणाला होता, "यांना दुसरी कामं नव्हती का?" सात जनुकं आहेत आणि प्रत्येक एकतर आहे किंवा नाही, म्हणजे २ चा सातवा घात, १२८ शक्यता. त्यातली एक मूळ स्ट्रेन. उरलेल्या १२७ त्यांनी हाताने बनवल्या. निष्पन्न असं झालं की कुठलंही एक काढा, पेशी जगते. सहा काढा आणि एकच शिल्लक ठेवा, मग ते कुठलंही असो, पेशी जगते. सातही काढली की मात्र मरते. मरण्याआधी तिच्यातलं अर्गोस्टेरॉल तिपटीहून जास्त वाढलेलं असतं. म्हणजे तू दोन काढलीस तेव्हा पाच भावंडं घर सांभाळायला होती.

इथे बहुतेक विद्यार्थी, आणि एके काळी मीसुद्धा, एक घाईचा निष्कर्ष काढतो: म्हणजे सातही जण एकच काम करतात, आणि ते काम स्टेरॉल वाहण्याचं. पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे. दुसऱ्या अर्ध्यावर थोडं थांब.

ऑश४ ची रचना २००५ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. ४३४ अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन म्हणजे पिंपासारखी घडी, आत एक पोकळ बोगदा आणि वर झाकण. स्टेरॉल त्या बोगद्यात डोकं खाली करून शिरतं. त्याचा हायड्रॉक्सिल गट तळाशी टेकतो आणि वरून झाकण बसतं. पाण्यात जवळपास न विरघळणारा हा रेणू पाणथळ पेशीद्रवातून असा डब्यात घालून न्यायचा, हे सगळ्यांना पटलं. एक मात्र खटकत होतं. या कुटुंबाची ओळखखूण म्हणून अमिनो आम्लांचा एक क्रम सगळीकडे जपलेला आहे. त्यात एकाला एक लागून दोन हिस्टिडीन येतात, ऑश४ मध्ये १४३ आणि १४४ या जागांवर. यीस्टपासून माणसापर्यंत हा क्रम सुटलेला नाही. आणि रचनेत पाहिलं तर हे हिस्टिडीन स्टेरॉलला शिवतसुद्धा नव्हते. ज्या खुणेवरून सगळं कुटुंब ओळखायचं, तिचा नावातल्या कामाशी संबंधच नाही, हे कसं?

उत्तर २०११ मध्ये फ्रान्समधल्या आंतोनी आणि द्रँ यांच्या गटाकडून आलं. त्याच बोगद्यात ऑश४ आणखी एक लिपिड घेतं: फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल-४-फॉस्फेट. आपण त्याला पीआय४पी म्हणू. त्याचं फॉस्फेट पकडणारे हात म्हणजे ते दोन हिस्टिडीन. ते बदलले की पीआय४पी सुटतं, स्टेरॉल मात्र बांधलं जातं. बोगदा एकच आहे, त्यामुळे एका वेळी एकच प्रवासी. स्टेरॉल असेल तर पीआय४पी नाही, पीआय४पी असेल तर स्टेरॉल नाही.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा मार्केट यार्डातले टेम्पोवाले आठवले. नारायणगावचा टोमॅटो पहाटे गुलटेकडीला उतरवला की ड्रायव्हर लगेच निघत नाही. तो रिटर्न भाडं शोधतो. रिकामा टेम्पो परत नेणं म्हणजे डिझेल अंगावर पडणं. ऑश४ सुद्धा रिकामं परतत नाही.

डिझेलचा मुद्दा इथे नुसता उपमेपुरता नाही. स्टेरॉल तयार होतं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे ईआर या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात. तिथल्या पटलात ते लिपिडांच्या ५ टक्क्यांच्या आसपास असतं. पेशीच्या बाहेरच्या पटलात मात्र ३० ते ४० टक्के. म्हणजे माल कमी असलेल्या ठिकाणाहून भरलेल्या ठिकाणी न्यायचा, चढावर. नुसता डबा असून ते होत नाही, कारण डबा जितका नेईल तितकाच परतही आणेल. जोर लागतो तो पीआय४पीचा. गॉल्जीवर, म्हणजे माल बाहेरच्या पटलाकडे रवाना करणाऱ्या पेशीतल्या केंद्रावर, काइनेझ हे विकर एटीपी खर्चून पीआय४पी बनवतं. ते ऑश४ मधून ईआरवर आलं की तिथे सॅक१ नावाचं फॉस्फॅटेझ त्याचं फॉस्फेट तोडून टाकतं. ईआरवर पीआय४पी साचतच नाही, त्यामुळे उतार कायम राहतो, आणि त्या उताराच्या जोरावर स्टेरॉल चढावर जातं. माणसातल्या मूळ ओएसबीपीमध्येही हेच चक्र चालतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. फरक एवढा की ते प्रथिन लांबलचक आहे. एक हात ईआरवरच्या व्हॅप प्रथिनाला, दुसरा गॉल्जीला, आणि मधला भाग दोन पटलांच्या फटीत ये-जा करतो. पेशीतल्या एकूण पीआय४पीपैकी जवळजवळ निम्मं हे एकटं प्रथिन खर्चून टाकतं, असं मोजमाप पुढे आलं. तो आकडा वाचून मी चहा बाजूला ठेवला होता. जे आपण इंधन म्हणून नोंदवत होतो, ते या प्रथिनाचं मुख्य काम तर नाही ना?

आता पुन्हा सात भावंडांकडे ये. २०१३ मध्ये कळलं की ऑश६ आणि ऑश७ स्टेरॉल नेतच नाहीत. ती फॉस्फॅटिडिलसेरीन नेतात, ईआरकडून पेशीच्या बाहेरच्या पटलाकडे. आणि परतताना? २०१५ मध्ये उत्तर आलं: पीआय४पी. माणसातली याच कुटुंबातली ओआरपी५ आणि ओआरपी८ ही प्रथिनं तेच करतात. ऑश३ च्या बोगद्यात तर स्टेरॉल मावतच नाही, पीआय४पी मात्र बसतं. तरीही एकट्या ऑश६ वर किंवा एकट्या ऑश३ वर पेशी जगते, हे १२७ स्ट्रेनचं कोष्टक सांगतं. मग सगळ्यांना मिळून जे एक जीवनावश्यक काम आहे, ते स्टेरॉल वाहण्याचं कसं असेल? जाताना माल वेगवेगळा. परतीचं भाडं मात्र सगळ्यांचं एकच. माझं मत असं की या कुटुंबाला आडनाव द्यायचंच होतं तर ते परतीच्या मालावरून द्यायला हवं होतं.

याला आणखी एक आधार आहे, आणि तो तुझ्या गाइडला आवडणार नाही. २०११ मध्येच दुसऱ्या एका गटाने सातही ऑश निकामी केलेल्या यीस्टमध्ये ईआरपासून बाहेरच्या पटलापर्यंत जाणारं स्टेरॉल मोजलं. ते जातच होतं. बिघडली होती ती त्या पटलातली स्टेरॉलची मांडणी. त्याच वर्षी हेही दिसलं की ऑश प्रथिनं गेली की बाहेरच्या पटलावर पीआय४पी साचतं, कारण ते सॅक१ पर्यंत पोचवणारं कुणी उरत नाही. ठोक माल वाहणारे दुसरे आहेत. २०१५ मध्ये यीस्टमधली 'लॅम' प्रथिनं सापडली, ती वेगळ्याच घराण्यातली. तेव्हा प्रोजेक्टमध्ये 'ऑश४ हे स्टेरॉल-वाहक आहे' असं सरळ वाक्य लिहू नकोस. 'ऑश४ स्टेरॉल आणि पीआय४पी यांची अदलाबदल करतं' असं लिही. परीक्षकाने भुवई उंचावली तर त्या दोन हिस्टिडीनपासून सुरुवात कर.

आता एक फजिती सांगते, कारण तू त्याच वाटेवर आहेस. सातही जनुकं काढलेली स्ट्रेन जगत नाही, म्हणून तिच्यात प्लास्मिडवर (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) ऑश४ चं तापमानाला हळवं रूप ठेवतात. २३ ते २५ अंशांना ते काम करतं, ३७ ला बंद पडतं. शोधनिबंधात लिहिलेलं असतं 'खोलीच्या तापमानाला वाढवा'. ते ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोलीत २२ अंश असतात. आमच्या लॅबमध्ये एप्रिल होता. थंड करणारा इनक्युबेटर एकच, तोही भरलेला, म्हणून आम्ही हळव्या स्ट्रेनच्या प्लेटा टेबलावर ठेवल्या आणि चांगलं ऑश४ असलेल्या कंट्रोलच्या प्लेटांना इनक्युबेटरमध्ये जागा मिळाली. तिसऱ्या दिवशी टेबलावरच्या वसाहती टाचणीच्या डोक्याएवढ्या आणि कंट्रोलच्या चांगल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्या आठवड्यात आम्ही या स्ट्रेनमध्ये एक वेगळं जनुकही काढलं होतं, त्यामुळे हा त्याचाच परिणाम असं ठरवून पेढेसुद्धा वाटून झाले. मग झाडणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, "मॅडम, इथे पंखा तरी लावा, भट्टी झालीय." भिंतीवरच्या थर्मामीटरने ३४ दाखवले. स्ट्रेन अर्धमेली होती ती उकाड्याने, आमच्या जनुकाने नाही. महिना पाण्यात गेला. तेव्हापासून आमच्याकडे प्लेटच्या मागे तारखेसोबत तापमानही लिहितात, आणि कंट्रोल त्याच ट्रेमध्ये असतो.

मग तू आता करायचं काय? एकेकटं जनुक काढून काही दिसत नाही हे खरं, पण ऑश४ ला एक जागा आहे जिथे ते एकटंच उघडं पडतं. सेक१४ नावाचं एक प्रथिन आहे. ते नसेल तर गॉल्जीतून माल बाहेर पडत नाही आणि यीस्ट मरतं. पण सेक१४ सोबत ऑश४ ही गेलं तर यीस्ट जगतं! १९९६ मध्ये हे दिसलं तेव्हा ऑश४ चं नाव केस१ होतं. जुने निबंध त्या नावाने शोध. पटतं असं: सेक१४ मुळे गॉल्जीवर पीआय४पी बनायला हातभार लागतो आणि ऑश४ ते उचलून नेतं. कमावणारा गेला तर घर बुडतं, पण त्याबरोबर उधळणाराही गेला तर कसंबसं चालतं. इथेही गाडी परतीच्या मालावरच येते, बघ.

सेक१४-१ ही सेक१४ चं तापमानाला हळवं रूप असलेली, ३७ अंशांना मरणारी स्ट्रेन मिळव. तुमच्या विभागात नसेल तर यीस्टवर काम करणाऱ्या कुठल्याही लॅबला गाइडच्या सहीने पत्र पाठव, देतात. तिच्यात तुझीच कॅसेट घालून ओएसएच४ काढ. सोबत तीन कंट्रोल हवेत: नुसती सेक१४-१, ती मेली पाहिजे, सेक१४-१ मधून ओएसएच६ काढलेली, तीही मेली पाहिजे, कारण ही सवलत सातांपैकी फक्त ऑश४ ला आहे, आणि दोन्ही गेलेल्या स्ट्रेनमध्ये प्लास्मिडवरून ऑश४ परत दिलेलं, ती पुन्हा मेली पाहिजे. वेळ उरला तर चौथी घाल, हिस्टिडीन बदललेलं ऑश४ परत देऊन. ते पीआय४पी पकडू शकत नाही, मग ते पेशीला मारतं का, हे तुझ्या डोळ्यांनी बघ. दहाच्या पटीत पातळ करत जा, प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचे थेंब घाल, एक प्लेट २५ ला आणि तशीच दुसरी ३७ ला. महागडं काही लागत नाही. गाइड फार मागे लागले तर डीहायड्रोअर्गोस्टेरॉल वापरून अदलाबदल मोजता येते. ते स्वतःच चमकतं, त्यामुळे वेगळा रंग जोडावा लागत नाही. पण ते उजेडात आणि हवेत खराब होतं, आणि परदेशातून मागवलेली कुपी कोरडा बर्फ संपल्यावर गोदामात पडून राहिल्याचे दोन अनुभव माझ्या गाठीला आहेत. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये त्या फंदात पडू नकोस.

बाबांच्या गोळीचं: ती स्टॅटिन असेल तर ती एचएमजी-कोए रिडक्टेझ या विकराला अडवते, म्हणजे कोलेस्टेरॉल बनवण्याच्या पहिल्या काही पायऱ्यांपैकी एकीला. ऑश किंवा ओएसबीपीशी तिची गाठ पडत नाही. हं, एसआरईबीपी हे नाव वाचून गोंधळू नकोस. ते या कुटुंबातलं नाही, ते स्टेरॉल कमी झालं की जनुकं चालू करणारं प्रथिन. स्टॅटिनची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

या कुटुंबाला खरोखर लागणारं औषध घराघरात वेगळ्याच कारणाने असतं: इट्राकोनॅझोल. गजकर्णावर डॉक्टर ते देतात ते बुरशीच्या अर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला अडवण्यासाठी. पण माणसाच्या पेशीत ते ओएसबीपीला जाऊन चिकटतं, हे २०१५ मध्ये कळलं, आणि कळलं ते विषाणूंमुळे. पोलिओच्या जातकुळीतले एंटेरोव्हायरस पेशीत स्वतःचे पटलांचे अड्डे बांधतात, तिथे काइनेझ ओढून आणून पीआय४पी बनवून घेतात, आणि मग ओएसबीपी आपोआप तिथे कोलेस्टेरॉल आणून टाकतं. म्हणजे विषाणूने भाडं देऊन टेम्पो वळवला. इट्राकोनॅझोलने टेम्पो अडला की विषाणूची वाढही अडते. हे पेशींमधलं निरीक्षण आहे, तेव्हा घरात पट्टी आहे म्हणून कुणाला तापात देऊ नकोस. पण विषाणूशास्त्र आवडत असेल तर पुढच्या शिक्षणासाठी हा धागा धर. एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, आपल्याच गावात आहे.

आणि ती ३७ ची प्लेट बुधवारी घालू नकोस. गुरुवारी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको. दुपारचे चार तास इनक्युबेटर बंद पडला आणि आत २८-२९ अंशांपर्यंत उतरलं, की नुसती सेक१४-१ सुद्धा वाढायला लागते, आणि तुला वाटेल ओएसएच६ काढूनही पेशी वाचली. शुक्रवारी संध्याकाळी घाल, रविवारी दुपारी येऊन फोटो काढ.